कुस्तोदियाच्या घरचं बाळ

नाही, नाही, तो पट्टा डाव्या दंडाला बांधा, उजवा हात पिठाचा आहे. बांधा. आणि असं टक लावून बघू नका माझ्याकडे, नर्सबाई. माणूस उभं असलं की एवढं नवल वाटण्यासारखं काही नसतं. हो, मला ठाऊक आहे, गेल्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा मी त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही तीन वेळा नाव घेऊन हाक मारलीत – ब्रिसेइदाबाई, ब्रिसेइदाबाई – आणि मी ऐकत असून ओ दिली नाही. आज चूल पेटली आहे, अंगण झाडलं आहे, केस विंचरले आहेत, आणि तुम्हाला वाटतंय की हे सगळं तुमच्या त्या छापील कागदानं केलं. बसा. मागच्या दाराकडची खुर्ची घ्या, हिचा पाय मोडका आहे.

तुमचा कागद मी जपून ठेवला आहे. चौतीस वर्षं शाळा केली, छापील कागद फेकवत नाही. ‘मन उदास असेल तर काय करावे.’ रोज वीस मिनिटं उन्हात चालावं – तुम्ही समुद्राकाठच्या, नर्सबाई, तुमच्याकडे ऊन फुकट मिळतं. या उंचीवर जूनपासून नुसतं धुकं. तरी चालले. भिंतीपासून भिंतीपर्यंत, अकरा पावलं जायची, अकरा यायची. रोज झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात – लिहिल्या. पहिल्या दिवशी लिहिलं, छप्पर गळत नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, छप्पर अजूनही गळत नाही. तिसऱ्या दिवशी पाऊसच नव्हता, मग काय लिहिणार? हसू नका. म्हणजे, हसा, पण पट्टा सैल होतोय. कुणाशी तरी बोलावं – कुणाशी? मी ज्यांना लिहा-वाचायला शिकवलं ते सगळे या रस्त्यावरून जातात, माझ्या दाराशी आले की पलीकडच्या कडेनं चालतात. पाद्रीबाबांनी सांगितलं, तुमचं दुःख देवाला अर्पण करा आणि नऊ दिवसांची नोव्हेना करा. केली. पडून केली. नऊ दिवस पडून केलेली प्रार्थना कुठवर पोचणार, छतापर्यंत पोचली असेल. लिंबाच्या वासाची पानं उकळून प्यायले. दहा महिने, नर्सबाई. ज्या बाईनं शाळेची घंटा एकही दिवस उशिरा वाजू दिली नाही ती दहा महिने दुपारी बाराला डोळे उघडत होती, आणि उघडल्याचा पश्चात्ताप करत होती.

कशानं उठले? विचारू नका ते.

किती आला आकडा? तेवढा? मग चांगला आहे.

तुम्ही राहता कुस्तोदियाकडे, हो ना, समोर, माडीवरच्या खोलीत? मग मला आधी तुम्ही सांगा. कशी आहे ती? नाही, तब्येत नाही विचारत, तिची तब्येत बैलासारखी आहे. विचारतेय, जेवते का? नाताळच्या त्या रिकाम्या गोठ्यापुढे बसून राहते का? शेवाळ, मातीच्या मेंढ्या, आरशाचं तळं, योसेफ, मारिया, आणि मध्ये गवतावर नुसता खळगा – दिसतो ना तो खळगा? जाता-येता दिसतच असेल, तुमचा जिना तिथूनच जातो. रडली का? एकदा तरी? सांगा की. म्हातारीला एवढंही सुख नको?

तुम्हाला हा पोरखेळ वाटतो, मला कळतं. मातीचं वीतभर बाळ, त्यासाठी एवढा घोर. पण आमच्याकडे नाताळात गोठ्यात निजवलेलं बाळ कांदेलारियाच्या, म्हणजे दोन फेब्रुवारीच्या, सणाच्या आत उभं करावं लागतं. रेशमी रुमालात घ्यायचं, चार कोपरे चौघांनी धरायचे, व्हायोलिन पुढे, मेणबत्त्या मागे, घरभर फिरवायचं, आणि मग गोठ्यात उभं करायचं, की देव आता चालायला लागला. तोवर गोठा मोडता येत नाही. आणि ज्या घरचं बाळ निजलेलंच राहिलं, त्या घरात त्या वर्षी कशालाच बरकत नाही – बटाटा धरत नाही, गाय आटते, आजारी माणूस उठत नाही. कुस्तोदियाच्या आजीनं ते बाळ एका खांद्यावर आणि बोचकं एका खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडला होता. एकाहत्तर वर्षं त्या घरात ते दर जानेवारीत उभं राहिलं आहे. कांदेलारिया उद्या आहे. उद्या दिवस मावळला की संपलं.

चोरी म्हणू नका. चोरणं पाप नाही, रिवाज आहे. सगळ्यांचं लक्ष नसताना कुणीतरी शेजारी बाळ उचलतो, मग घरमालकीण गाव गोळा करते, वाजतगाजत घरोघर शोध, सापडलं की हसणं-खिदळणं, वाईन, केक. पोरंटोरं असताना आम्ही दोघींनी मिळून किती घरची बाळं पळवली – मी आणि कुस्तोदिया. ती पहाऱ्याला, मी आत. चोरण्याला रिवाज आहे. परत न देण्याला नाही. ते माझं स्वतःचं आहे.

हो. मीच. आता तोंड मिटा, धुरानं खोकला येईल.

तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, सकाळच्या मिस्सेला. सगळा रस्ता रिकामा. कुस्तोदिया दाराला कडी घालत नाही – ती भल्या माणसांतली, भल्या माणसांना कडी लागत नाही. मी दहा महिन्यांत उंबरा ओलांडला नव्हता. अंगावर शाल, पायात फाटक्या सपाता. हे दार ते ते दार, एकतीस पावलं. नवव्या पावलाला वाटलं इथंच कोसळते, मग त्या घरातून तिच्या सुपाचा वास आला – बटाटा, दूध, अंडं, वरून कोथिंबीर – आणि त्या वासानं मला असा राग आला, असा राग, की उरलेली बावीस पावलं मी चालले नाही, मला कुणीतरी चालवलं. देव होता असं म्हणणार नाही. मी मुलांना कॅटेकिझम, धर्माचे धडे, शिकवलेली बाई आहे, कोण होता ते मला ठाऊक आहे. बाळ उचललं, शालीत घातलं, आले. आणि दुसऱ्या दिवशी, नर्सबाई, पहाटे साडेचारला माझे डोळे आपोआप उघडले. दहा महिन्यांनी. पहिला विचार मनात आला तो असा – समोर आता ती उठली असेल, आणि खळगा बघत असेल. मी अंथरुणात बसले आणि मला भूक लागली. लिहा तुमच्या कागदावर. चौथं कलम. ज्यानं तुम्हाला पाडलं त्याच्या घरातून सगळ्यात जपलेली वस्तू उचलून आणा, आणि त्याला रोज सकाळी शोधू द्या.

कुठे ठेवलंय? पहिले दोन दिवस मक्याच्या कणगीत, डोकं खाली, पाय वर. अपमान म्हणून. मग जानेवारीचा गारठा पडला, अंगणात बर्फ चमकायला लागलं – मातीला कसली थंडी, पण तरी काढलं. चुलीमागच्या फळीवर ठेवलं. आता तिथंच आहे, पिठाच्या डब्यामागे. तुम्ही आल्यापासून तुमच्याकडेच बघतोय. तो अंगरखा? तो मी विणला. उघडं कसं ठेवणार? त्याचं भांडण माझ्याशी नाही, माझं त्याच्याशी नाही. आणि देव घरात आहे म्हटल्यावर लोळत पडता येत नाही – लोळून नमस्कार कसा करणार – म्हणून पहाटे उठून त्याच्यापुढे जपमाळ करते. जपमाळ झाली की चूल, चूल झाली की पीठ, आता पीठ मळलं की कुणीतरी खायला हवं, म्हणून कोंबड्या – हे सगळं एकातून एक होत गेलं. पण मूळ सूड आहे. हे नीट समजून घ्या. मूळ सूडच आहे.

शोधायला आले होते तेव्हा तुम्हीही त्यांच्यात होतात, मेणबत्ती धरून, नाही का? मी फटीतून पाहिलं. संध्याकाळची वेळ, व्हायोलिन, मारकासचे खुळखुळे, निम्मा गाव. याच्या घरी थांबले, त्याच्या घरी थांबले, न्हाव्याच्या घरात पिंपं उघडून बघितली, त्याची बायको ‘अहो, तिथं लोणी आहे’ म्हणून ओरडत होती. आणि माझ्या दारावरून सगळी वरात सरळ पुढे गेली. कुणी ठोठावलंसुद्धा नाही. ब्रिसेइदाबाई? ती कसली उठतेय, ती तर मेल्यात जमा. मी आत काळोखात बाळाला छातीशी धरून उभी होते आणि हसत होते. इतक्या दिवसांनी हसले की बरगड्या दुखल्या.

काय केलं तिनं? तुम्ही सात महिने तिच्या घरात राहता आणि तुम्हाला ठाऊक नाही? बोलली नाही? नाहीच बोलणार. हीच तर तिची रीत. शाळेतून मला काढायला मेरिदाहून तपासनीस आला होता. कुस्तोदिया शेजारचा वर्ग घ्यायची, तेवीस वर्षं आम्हा दोघींच्या वर्गांत एक फळीची भिंत, तिचा पाढा मला ऐकू यायचा, माझा तिला. तपासनिसानं तिला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? तिला ‘मी खडू आणायला गेले होते’ म्हणता आलं असतं. तिला ‘गोंधळ होता, दिसलं नाही’ म्हणता आलं असतं. तीन शब्द बोलली – ‘ओढलं. मी पाहिलं.’ तीन शब्दांत चौतीस वर्षं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी, नर्सबाई, माझ्या उंबऱ्यावर झाकलेलं भांडं. सूप. एका हातानं साक्ष, दुसऱ्या हातानं सूप! त्या दिवसापासून रोज. एक दिवस खंड नाही. मी ते रोज कोंबड्यांना घातलं, कोंबड्या इतक्या माजल्या की एक चालता चालता मेली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या, तोंड फिरवलं असतं, तर मी तिला केव्हाच क्षमा केली असती. पण सूप?

खोटं बोलली का? नाही. मी असं म्हटलं नाही. मी म्हटलं, बोलली.

पोरगी होती एक. नेरिदा. नऊ वर्षांची. हुशार – अक्षर असं की फळ्यावरून पुसवायचं नाही. गेल्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिची आई गेली. त्यानंतर ती वर्गात यायची, बसायची, आणि बाकावर डोकं ठेवायची. रडणं नाही, खेळणं नाही, फक्त डोकं खाली. एक आठवडा मी काही बोलले नाही. दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात मी तिला सांगितलं, आई देवाकडे आहे, तू असं डोकं टाकून बसतेस म्हणजे तुझा देवावर विश्वास नाही. मी तेच शिकले होते – उदासी म्हणजे आळसाचं धुतलेलं नाव, आणि आळस सात मोठ्या पापांत आहे. मी माझ्या आईच्या मातीवरून परत आले होते ती थेट शाळेत, घंटा दिली होती वेळेवर. मला वाटायचं माणसानं ठरवलं की उठता येतं. मी म्हटलं, नेरिदा, उभी राहा. नाही उठली. नेरिदा, उभी राहा म्हणते ना. चाळीस मुलं बघतायत. मी तिचा हात धरला आणि ओढलं. बाकाच्या फळ्यांमधली फट अरुंद, तिचं कोपर तिच्यात अडकलेलं, मला दिसलं नाही –

दिसलं.

दिसलं होतं. मला वाटलं, थोडं दुखलं तर उठेल. माझ्या मनात तिचं वाईट नव्हतं, नर्सबाई, तुमच्या त्या कागदावर जे आहे तेच माझ्या मनात होतं, तिला बाहेर काढायचं. आवाज झाला. ती तेव्हाही ओरडली नाही. हेच – ओरडली असती तर – ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, जणू असंच होणार हे तिला ठाऊक होतं. आणि दारात कुस्तोदिया.

हे मी पाद्रीबाबांनाही एवढं सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय कळत नाही. ते भांडं उतरवा चुलीवरून, उतू जाईल.

असो. तर उद्या दिवस मावळेल, कुस्तोदियाचं बाळ निजलेलंच राहील, एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा, आणि तिला आयुष्यभर कळणार नाही की ते कुठं गेलं. तुम्ही सांगणार नाही. तुम्ही दवाखान्याच्या बाई आहात, रोग्यानं सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही हे तुम्हाला शिकवलेलं असतं. तिचं काळीज आतून –

काय म्हणालात?

पुन्हा सांगा. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघून सांगा. तिला ठाऊक आहे? कधीपासून? पहिल्या दिवसापासून. सपातेचा मातीचा ठसा, गोठ्यापुढे. फाटक्या टाचेचा. आणि तिनं तो पुसून टाकला? स्वतः? मिस्सेहून लोक यायच्या आत.

आणि त्या संध्याकाळी, वरातीत. तिनं सांगितलं होतं. ‘त्या दारावर कुणी ठोठावायचं नाही.’ असंच म्हणाली? सगळ्यांना? म्हणजे निम्मा गाव – न्हाव्यानं स्वतःच्या घरात पिंपं उघडून दाखवली, ती नाटकं – सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी आत हसत होते. आणखी काय म्हणाली? बोला, आता अर्धवट ठेवू नका. ‘तिच्या धुराड्यातून धूर निघतोय. पहाटे पाचला. राहू दे तिच्याकडे. निघतोय तोवर राहू दे.’

असं.

असं म्हणाली.

म्हणजे ती रोज सकाळी खळगा बघत नव्हती. माझं धुराडं बघत होती.

नर्सबाई, एका माणसाकडे सूड उरला होता. घरचं कुणी नाही, शाळा नाही, गाव नाही – एक सूड होता, सव्वीस दिवस मी तो जेवले, त्यावर उठले, त्यावर झाडलं, त्यावर केस विंचरले. आणि तोही तिनंच पाठवलेला निघाला. झाकलेल्या भांड्यातून. तिला सांगा – नाही, थांबा, तिला नीट सांगा – तिच्या औषधानं ब्रिसेइदा बरी झाली असं या गावात कुणी म्हणणार नाही. उद्या मी उठणार नाही. चूल पेटणार नाही. पहाटे पाचला धुराड्याकडे बघ म्हणावं, सहाला बघ, दुपारी बघ, आणि मग दिवसभर बघत बस. मी भिंतीकडे तोंड करून पडेन आणि मरेपर्यंत पडून राहीन, तिला दाखवण्यासाठी. तेवढं मला येतं. तेवढं माझं स्वतःचं आहे.

आणि हा घेऊन जा. उचला फळीवरून. न्या. मला तिची दया घरात नको. असं नाही, डोक्याखाली हात धरा, मान बारीक आहे. अंगरखा काढू नका. राहू दे म्हणते ना – बाहेर धुकं आहे. उद्या करू दे तिला उभं, वाजवू दे, नाचू दे, मी इथं कानात बोळे घालून पडेन.

का थांबलात? आणखी काय निरोप आहे?

चौथा कोपरा. रुमालाचा. माझ्यासाठी रिकामा ठेवलाय. सांगितलंच असेल तिनं तुम्हाला, की संधी साधून बोला, गोड बोला. नाही म्हणून सांगा. मी त्या रुमालाला बोट लावणार नाही. एका कोपऱ्याला ती असणार ना? आणि न्हावी. आणि तिसरा?

कोण?

तिनं नेरिदाला –

ती आली होती का दवाखान्यात तुमच्याकडे? तुम्ही पाहिलाय तिचा हात? नऊ वर्षांचं हाड लवकर जुळतं म्हणतात. कोपरा धरायचा म्हणजे हात खांद्याइतका वर ठेवावा लागतो, नर्सबाई, घरभर, तीन खोल्या, गाणी संपेपर्यंत. दमलं तरी खाली करता येत नाही. ती कुठल्या हातानं धरणार आहे?

नका सांगू.

निघा आता. निघा म्हणते.